मूषककन्येचे माहेर

१

पंचतंत्रातील मूषककन्येची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत असतानाच ऐकलेली असते. ससाण्याच्या चोचीतून निसटलेले उंदराचे पिल्लू गंगेकाठी स्नान करणाऱ्या ऋषीच्या ओंजळीत पडते. ऋषी तपोबळाने त्याची मुलगी करतो, लेकीसारखी वाढवतो आणि ती उपवर झाल्यावर तिच्यासाठी सूर्याला बोलावतो. मुलीला सूर्य फार तापट वाटतो. मग सूर्याला झाकणारा मेघ येतो, मेघाला पिटाळणारा वारा येतो, वाऱ्याला अडवणारा पर्वत येतो. एकही तिच्या मनास येत नाही. शेवटी पर्वताला पोखरणारा उंदीर पुढे येतो, आणि त्याला पाहताच ती हरखून जाते. मला पुन्हा उंदीर करा, असे ती बापाला विनवते. ऋषी तसे करतो आणि कथा संपते.

ही कथा आम्ही वर्गात ‘चक्राकार रचना’ शिकवताना घेतो. जिथून निघाली तिथेच परत येणारी, प्रत्येक कडी पुढच्या कडीहून दुबळी ठरवणारी अशी तिची घडण विद्यार्थ्यांना चटकन कळते. तात्पर्यही सोपे आहे. जातीचा स्वभाव सुटत नाही. ‘खाण तशी माती’. तात्पर्य सांगून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. त्या तात्पर्याने कोणाला काही लागत असेल, असे आम्हाला वर्षानुवर्षे वाटले नव्हते.

काही वर्षांपूर्वी तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे रेंगाळली. ती मोऱ्याहून येत असे. उरण तालुक्यातले मोरा बंदर, तिथल्या कोळीवाड्यातले घर. वर्तमानपत्रातल्या एका बातमीचे कात्रण तिने वहीत जपून ठेवले होते. व्यसनाचे मूळ जनुकांत असते आणि शास्त्रज्ञांनी ते उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवून दिले आहे, असा त्या बातमीचा मथळा होता. वडिलांच्या पिण्याविषयी ती आमच्याशी पूर्वी एकदा बोलली होती. तिने विचारले, “मॅडम, मग मीपण तशीच निघणार का?”

आम्ही दोघी तिथे होतो. दोघींनीही तिला धीर दिला, पण धीर देणे म्हणजे उत्तर देणे नव्हे. त्या उंदरांविषयी आम्हाला काहीच ठाऊक नव्हते. त्यानंतर आम्ही जमेल तसे वाचत गेलो. विज्ञान शिकवण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. परंतु एखादी कल्पना कुठून निघाली, कोणाच्या हातांतून गेली आणि वाटेत तिच्या अर्थाचे काय झाले, हे पाहणे तर आपल्या विषयाचेच काम आहे. प्रस्तुत लेख त्या वाचनाचा वृत्तान्त आहे.

२

सुरुवात शब्दापासूनच करावी लागते. ‘मूषक’ या शब्दाची परंपरेने दिलेली व्युत्पत्ती ‘मुष्’ म्हणजे चोरणे या धातूपासून आहे. लॅटिनमधला ‘मुस’ हा त्याचाच भाऊ, आणि घरातल्या लहान उंदराचे शास्त्रीय नावही ‘मुस मुस्क्युलस’ असेच आहे. म्हणजे ज्या प्राण्यावर स्वभावाच्या वारशाचे सर्वाधिक प्रयोग झाले, त्याच्या नावातच चोरीचा आरोप आहे. नाव देताना आपण स्वभावही बहाल करून टाकतो. ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

प्रयोगशाळेतला उंदीर हा रानातला किंवा घरातला उंदीर नव्हे. तो घडवलेला आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रॅनबी या गावी ॲबी लॅथ्रप नावाची एक माजी शिक्षिका विसाव्या शतकाच्या आरंभी हौशी लोकांसाठी रंगीबेरंगी उंदीर पाळून विकत असे. हळूहळू प्रयोगशाळाच तिची मुख्य गिऱ्हाईक झाली. आपल्या काही उंदरांच्या अंगावर गाठी येतात हे तिच्या लक्षात आले. तिने नोंदी ठेवल्या आणि लिओ लोब या रोगशास्त्रज्ञाबरोबर त्यांवर निबंधही प्रसिद्ध केले. ती १९१८ साली वारली. तिच्याकडचीच एक मादी, क्रमांक ५७, क्लॅरन्स कुक लिटल यांच्या हाती आली, आणि १९२१ साली तिच्यापासून जो काळा वंश सुरू झाला तो ‘सी-५७ ब्लॅक’. आज जगातल्या प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरला जाणारा उंदीर याच घराण्यातला आहे. त्याआधी, १९०९ साली, लिटल यांनी ‘डीबीए’ हा पहिला अंतःप्रजनित वाण सुरू केला होता.

अंतःप्रजनित वाण म्हणजे सख्ख्या भावाबहिणींचा संकर निदान वीस पिढ्या सलग चालवून मिळवलेला वंश. इतक्या पिढ्यांनंतर त्यातला प्रत्येक उंदीर दुसऱ्या उंदराची जवळजवळ नक्कल असतो. माणसांत फक्त एकरूप जुळ्यांत जे दिसते ते इथे हजारोंच्या संख्येने मिळते. यामागची युक्ती साधी आहे. एकाच वाणाच्या दोन उंदरांत फरक पडला तर त्याचे कारण वारशाबाहेर शोधायचे. आणि दोन वाणांना एकाच घरात, एकाच अन्नावर वाढवूनही फरक उरला, तर त्याचे कारण वारशात शोधायचे.

युक्ती साधी असली तरी पहिल्याच मोठ्या परीक्षेत तिने शास्त्रज्ञांना चकवले. काही वाणांतल्या माद्यांना स्तनाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात होत असे. आईला झाला की लेकीला होतो, म्हणजे तो रक्तातलाच आहे, असे दिसत होते. मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन बिटनर यांनी १९३६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. रोगप्रवण वाणाची पिल्ले जन्मतःच उचलून त्यांनी निरोगी वाणाच्या दाईकडे दुधाला लावली. त्या पिल्लांतले रोगाचे प्रमाण एकदम उतरले. पिढ्यान्‌पिढ्या आईकडून लेकीकडे जाणाऱ्या त्या दुःखाचा मोठा वाटा दुधातून जात होता. दुधातला तो घटक म्हणजे एक विषाणू, हे पुढे सिद्ध झाले. वाणावाणांतला जनुकांचा फरकही खरा होता, पण एकट्या जनुकांच्या माथी जे मारले होते ते त्यांचे एकट्याचे नव्हते.

‘आईच्या दुधातून आले’ असे आपण सहज बोलून जातो तेव्हा आपल्याला म्हणायचे असते ‘रक्तातून आले’. बिटनर यांच्या उंदरांनी या दोन वाक्प्रचारांतले अंतर दाखवून दिले.

३

या कथेचा पुढचा धागा मुंबईत, परळला आहे. परळ आणि उंदीर यांचा संबंध जुना. १८९६ साली मांडवी भागात प्लेग उद्भवला. त्यानंतर वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली, आणि १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तेव्हा उंदीर हा शहराचा वैरी होता. पुढच्या अर्धशतकात त्याच परळमध्ये त्याचा एक लहानखुरा नातलग संशोधकांचा सोबती झाला.

१९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर रोगशास्त्राचे काम पाहत. त्यांच्या हाताखाली कमल रणदिवे नावाची एक तरुण संशोधिका काम करू लागली. कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्याचा. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक, शाळा हुजूरपागा, मग फर्ग्युसन आणि कृषी महाविद्यालय. १९३९ साली गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईत आल्या. १९४९ साली त्यांना मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत, म्हणजे ‘हेला’ पेशी जिथे प्रथम वाढवल्या गेल्या तिथेच, त्यांनी ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकून घेतले आणि परत येऊन १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात तशी प्रयोगशाळा उभारली.

त्यांच्या कामाचा गाभा उंदरांतल्या स्तनाच्या कर्करोगाचा होता. कर्करोगाची प्रवृत्ती कमीजास्त असलेले वाण शेजारी शेजारी ठेवून त्या पाहत होत्या की वंश, संप्रेरके आणि दुधातला विषाणू यांपैकी कोणाचा वाटा किती. या केंद्रात वाढवलेला एक वाण त्या केंद्राच्याच आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी उंदीर’ म्हणून शास्त्रीय वाङ्मयात ओळखला जातो. जगभरच्या वाणांच्या यादीत मुंबईचे नाव लावणारे हे घराणे आहे. रणदिवे १९६६ ते १९७० या काळात संस्थेच्या संचालक होत्या. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्या वारल्या.

त्यानंतर लवकरच ही संशोधनसंस्था परळहून खाडी ओलांडून नवी मुंबईत, खारघरला, नव्या आवारात आली. रणदिवे यांनी उभ्या केलेल्या महिला वैज्ञानिक संघटनेचे घरही वाशीला आहे. म्हणजे वारशाच्या प्रश्नावर मराठी बाईने खपून केलेल्या कामाचे माहेर आज आमच्या विद्यार्थिनीच्या घरापासून फार लांब नाही. तिला आणि आम्हाला ते ठाऊक नव्हते, इतकेच.

रणदिवे यांच्या कामातून आम्ही घेतलेला धडा असा: ‘वारसा’ या एका शब्दाच्या पोटात निदान तीन गोष्टी असतात. जनुके, आईच्या देहातून मिळालेले बाकीचे सारे, आणि ज्या घरात वाढ झाली ते घर. रोगाबाबत ही तीन सुटी करायला इतके कष्ट पडले. मग स्वभावाबाबत किती पडतील?

४

स्वभावाचा शोध कर्करोगाच्या जोडीनेच चालू होता. कॅलिफोर्नियात रॉबर्ट ट्रायन यांनी १९२०च्या दशकापासून मोठ्या उंदरांना (घुशीच्या जातकुळीतल्या, ज्यांना इंग्रजीत रॅट म्हणतात त्यांना) चक्रव्यूहातून धावायला लावले. कमी चुका करणाऱ्यांचा संकर आपसात, जास्त चुका करणाऱ्यांचा आपसात. काही पिढ्यांतच ‘हुशार’ आणि ‘मठ्ठ’ अशी दोन घराणी वेगळी झाली. १९४० साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत गेला. त्याच्या मागोमाग आलेल्या दोन गोष्टी मात्र तितक्या लांब गेल्या नाहीत. १९४९ साली सर्ल यांनी दाखवले की हे ‘हुशार’ उंदीर दुसऱ्या प्रकारच्या कोड्यांत हुशार नव्हतेच. ते त्या एका चक्रव्यूहात, त्या एका आमिषापोटी हुशार होते. आणि १९५८ साली कॅनडात कूपर आणि झुबेक यांनी अशाच निवडीने तयार झालेल्या दोन घराण्यांची पिल्ले वेगवेगळ्या पिंजऱ्यांत वाढवली. खेळण्यांनी भरलेल्या पिंजऱ्यात ‘मठ्ठ’ पिल्ले ‘हुशारां’च्या जवळ येऊन पोहोचली. रिकाम्या, भकास पिंजऱ्यात ‘हुशार’ही ‘मठ्ठां’इतकेच चुकले.

१९६३ साली रोझेंथाल आणि फोडे यांनी तर प्रयोग करणाऱ्यांवरच प्रयोग केला. त्यांनी विद्यार्थ्यांना सरसकट एकाच प्रतीचे उंदीर दिले. काहींना सांगितले की तुमचे उंदीर हुशार घराण्यातले आहेत, काहींना सांगितले की मठ्ठ. ‘हुशार’ उंदरांची कामगिरी खरोखरच चांगली ठरली. ज्याच्यावर विश्वास टाकला जातो त्याला हाताळलेही प्रेमाने जाते. शिक्षकी पेशातल्या वाचकांना या प्रयोगाविषयी अधिक काही सांगायला नको.

आता व्यसनाकडे येऊ. १९५९ साली मॅक्लर्न आणि रॉजर्स यांनी निरनिराळ्या वाणांच्या उंदरांपुढे दोन बाटल्या टांगल्या, एकीत पाणी आणि दुसरीत पाणी घातलेले मद्य. सी-५७ घराणे मद्याच्या बाटलीकडे वळले; डीबीए घराण्याने तिच्याकडे पाठ फिरवली. हा फरक पुढच्या अनेक पिढ्यांत आणि अनेक प्रयोगशाळांत टिकला. आमच्या विद्यार्थिनीच्या कात्रणातली बातमी अशाच परंपरेतली होती, आणि ही परंपरा खोटी नाही हे प्रथम मान्य केले पाहिजे. वंशाचा वाटा आहे.

पण कसला वाटा? नंतरच्या कामात दिसले की या दोन घराण्यांच्या जिभेतच फरक आहे. गोड चव ओळखणारे एक जनुक सी-५७ घराण्यात तीव्र, तर डीबीए घराण्यात मंद आहे, आणि ज्या उंदरांना गोड अधिक आवडते ते मद्यही अधिक पितात, असा संबंध वारंवार आढळला. ज्याला आपण ‘व्यसनाधीन स्वभाव’ म्हणू लागलो होतो त्याचा एक हिस्सा जिभेच्या टोकावर बसलेला होता.

५

उतावीळपणा मोजणे त्याहून कठीण. आपल्या भाषेत त्याला गुडघ्याला बाशिंग बांधलेला नवरा आहे; प्रयोगशाळेत त्याला भोके आहेत. एका भिंतीत दोन भोके. एकात नाक खुपसले की गोड दुधाचा लहान थेंब लगेच. दुसऱ्यात खुपसले की मोठा थेंब, पण काही सेकंद थांबल्यावर. हा विलंब वाढवत नेला की उंदीर कधी ना कधी मोठ्याचा नाद सोडून लहानाकडे वळतो. कोण किती लवकर वळतो हे त्याच्या उतावीळपणाचे माप. दुसऱ्या चाचणीत पाच भोके असतात. जिथे दिवा लागेल तिथे नाक खुपसायचे, पण दिवा लागण्याआधी खुपसले तर बक्षीस बुडाले. तिसरीत आधी शिकवलेला नियम अचानक उलटा करतात आणि जुनी सवय मोडायला उंदराला किती वेळ लागतो ते पाहतात. तिन्हींना आपण उतावीळपणा म्हणतो, पण थांबता न येणे, आवरता न येणे आणि सोडता न येणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत. एकीत कच्चा असलेला उंदीर दुसरीत कच्चा असेलच असे नाही.

या चाचण्यांत वाणावाणांत फरक पडतो, हे २००४ नंतर चांगले प्रस्थापित झाले. सी-५७ आणि डीबीए या दोन घराण्यांच्या संकरातून ‘बीएक्सडी’ नावाचे अनेक नवे वाण तयार केले गेले आहेत. २०११ साली या वाणांवर नियम उलटा करण्याची चाचणी झाली तेव्हा दहाव्या गुणसूत्रावरचा एक भाग या फरकाशी निगडित दिसला. आणि २०१३ साली असे आढळले की ज्या वाणांना जुनी सवय मोडणे जड गेले, ते संधी मिळाल्यावर कोकेनही अधिक घेत. म्हणजे व्यसनाची पूर्वखूण अमली पदार्थ समोर येण्याआधीच, साध्या खेळात, दिसू शकते. २००७ साली मोठ्या उंदरांवरच्या कामातही असेच दिसले होते. वेळेआधी नाक खुपसणाऱ्यांच्या मेंदूतल्या एका ठिकाणी डोपामाइन झेलणारी विशिष्ट ग्राहके आधीपासूनच कमी होती, आणि पुढे त्यांनीच कोकेन अधिक घेतले.

वारसा किती बारीक असू शकतो याचे आम्हाला सर्वांत स्तिमित करणारे उदाहरण २०१३ सालचेच आहे. १९५१ साली सी-५७ घराण्याची एक शाखा जॅक्सन प्रयोगशाळेतून अमेरिकी सरकारच्या आरोग्यसंस्थेत गेली. दोन्ही शाखा स्वतःला एकच घराणे समजत राहिल्या. संशोधकही त्यांना एकच समजत. पण कोकेन दिल्यावर एक शाखा दुसरीपेक्षा कमी उसळते, असे दिसले. विवेक कुमार आणि सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा एका जनुकातला एका अक्षराचा बदल सापडला. हस्तलिखितांच्या परंपरेत काम करणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. दोन मठांत गेलेली एकच पोथी, एका नकलाकाराच्या हातून झालेला एक पाठभेद, आणि पुढची सारी परंपरा त्या पाठावर.

परंतु त्याच पोथ्या कुठे वाचल्या जातात यालाही महत्त्व असते. १९९९ साली जॉन क्रॅब, डग्लस वालस्टेन आणि ब्रूस डुडेक यांनी पोर्टलंड, एडमंटन आणि ऑल्बनी या तीन गावी तेच वाण, त्याच वयाचे, त्याच अन्नावर, त्याच उपकरणांनी, त्याच दिवशी तपासले. वाणांचे फरक तिन्ही गावी दिसले. पण कित्येक चाचण्यांत, विशेषतः भित्रेपणाच्या, गावागावानुसार निकाल बदलला. सर्व काही सारखे करूनही काहीतरी सारखे करायचे राहिले होते. मद्याची आवड मात्र तिन्ही ठिकाणी स्थिर राहिली. आम्हाला या निबंधाचा प्रामाणिकपणा भावला. तो वारसा नाकारत नाही आणि त्याला सर्वसत्ताधीशही करत नाही.

बक्षिसाच्या या शोधात महाराष्ट्राचाही हात आहे. १९५४ साली मॉन्ट्रियलमध्ये ओल्ड्स आणि मिल्नर यांना दिसले की मेंदूच्या विशिष्ट जागी विजेची बारीक तार बसवली तर उंदीर त्या झटक्यासाठी पुनःपुन्हा कळ दाबत राहतो. तेच तंत्र वापरून नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग आणि पुण्याची आयसर या ठिकाणी निशिकांत सुभेदार, दादासाहेब कोकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कार्ट’ नावाच्या मेंदूतल्या एका लहान प्रथिनतुकड्याचा मागोवा घेतला. हा तुकडा मेंदूत वाढवला की उंदराची कळ दाबण्याची ओढ वाढते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांचा गट दुसऱ्या टोकाने पाहतो. नवजात पिल्लांना रोज काही काळ आईपासून दूर ठेवले, तर मोठेपणी त्यांच्या मेंदूत आणि वागण्यात कोणते ओरखडे उरतात? जनुक तेच, पण बालपणातल्या त्या विरहाने त्याचे बोलणे बदलते.

६

आता मूळ प्रश्नाकडे. उंदरांविषयी इतके सावधपणे बोलणारे विज्ञान, माणसांविषयी बोलताना इतिहासात सावध राहिलेले नाही.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागचे तर्कशास्त्र सरळ होते. हिंदुस्थानात कोष्ट्याचा मुलगा कोष्टी होतो आणि सुताराचा मुलगा सुतार, तेव्हा चोराचा मुलगाही चोरच असणार. १९११ च्या कायद्याने ही पद्धत सर्व प्रांतांत लागू करण्याची सोय झाली. जन्मलेले मूल जन्मतःच संशयित. हजेरी, पास, तारेच्या कुंपणातली वसाहत. सोलापूरच्या सेटलमेंटची आठवण त्या शहरात अजून आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण नावातला आरोप गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या आत्मकथनाचे १९८७ सालचे शीर्षकच ‘उचल्या’ आहे. मूषक या शब्दाविषयी आम्ही वर जे म्हटले ते इथे आठवावे.

जनुकांचा शोध लागण्याआधीच हा कायदा झाला होता. पुढे जनुकांची भाषा हाती आल्यावर तिच्यात तोच जुना मजकूर लिहिण्याचा मोह अनेकांना झाला. त्या मोहाला एका मराठी लेखिकेने दिलेले उत्तर आपल्या अभ्यासक्रमाबाहेर राहून जाते. ‘युगान्त’कार इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्याकडे संशोधन करत होत्या. माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतले असमानत्व हा विषय. गोऱ्या वंशाच्या कवट्यांचे वेगळेपण त्यातून दिसावे ही मार्गदर्शकाची अपेक्षा होती. कर्व्यांनी कवट्या मोजल्या. असमानत्व सर्वांतच होते. वंशानुसार वेगळे होत नव्हते. त्यांनी जे मोजले तेच लिहिले. ज्या संस्थेत त्यांनी ते लिहिले, ती थोड्याच वर्षांत नाझी वंशधोरणाची आधारशिला झाली. हे ध्यानात घेतले म्हणजे त्या साध्या आकडेवारीचे मोल कळते.

७

एवढे वाचून झाल्यावर आम्ही दोघी एका रविवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला गेलो. ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांना ठाऊक असेल की मोऱ्याची लाँच घड्याळापेक्षा भरतीओहोटीचे अधिक ऐकते. बंदरात गाळ साचलेला. ओहोटी फार उतरली की लाँच धक्क्याला लागत नाही आणि फेऱ्या थांबतात. परतीला आम्ही त्यात सापडलो. धक्क्यावर पन्नासएक माणसे होती. काही शांत बसली, काही रिक्षा शोधायला उठली. २०२४ च्या जानेवारीत उरणपर्यंत लोकल आली तेव्हापासून उठून जाणाऱ्यांना पर्यायही झाला आहे. आमच्या मनात आले, एखाद्या शास्त्रज्ञाने इथे वही घेऊन बसावे आणि कोण किती वेळ थांबतो याची नोंद करावी. उठून जाणारे सगळे उतावीळ ठरतील. पण त्यांतला एक रोज येणारा होता. त्याने पाण्याकडे पाहिले होते आणि आज लाँच लवकर येत नाही हे त्याला ठाऊक होते. त्याचे उठणे हे उतावीळपणाचे नव्हे, अनुभवाचे होते.

थांबण्याची परीक्षा ही नेहमी आणखी एका गोष्टीची परीक्षा असते. दिलेला शब्द पाळला जातो का? अमेरिकेत मुलांपुढे एक मिठाई ठेवून, थांबलास तर दोन देईन असे सांगण्याचा प्रयोग वॉल्टर मिशेल यांनी प्रसिद्ध केला. २०१३ साली रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यात एक भर घातली. ज्या मुलांना आधी मोठ्यांनी एक लहानसा शब्द देऊन मोडला होता, ती मुले फार थोडा वेळ थांबली. ज्यांच्या बाबतीत शब्द पाळला गेला ती कितीतरी अधिक थांबली. बिचारा उंदीर भोकावर विश्वास ठेवतो, कारण प्रयोगातले भोक कधी खोटे बोलत नाही. माणसांच्या जगातल्या भोकांविषयी असे म्हणता येत नाही.

उरण-पनवेल पट्ट्यात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. १९७० नंतर नव्या शहरासाठी आगरी-कोळ्यांच्या जमिनी गेल्या. योग्य मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसे मारली गेली. त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली, आणि ते भूखंड हातात पडायला कित्येकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. त्याच काळात शहरात बसून आम्ही एक वाक्य पुष्कळदा ऐकले आहे, कबूल करायला संकोच वाटतो, पण न अडवता ऐकले आहे: जमिनीचा पैसा आला आणि यांनी उडवला, रक्तातच आहे त्यांच्या. १८७१ च्या कायद्याचे तर्कशास्त्र मोडीत निघालेले नाही. ते चहाच्या टेबलावर आले आहे, इतकेच. ज्याचा शेतीचा, मिठागराचा, मासळीचा उद्या काढून घेतला, त्याने आजचा थेंब घेतला, यात जनुक शोधायला जाण्याआधी उद्याचा हिशेब तपासला पाहिजे.

वारसा नाही असे आम्हाला म्हणायचे नाही. तसे म्हणणे त्या मुलीची दुसरी फसवणूक ठरेल. व्यसनाचा कल घराण्यांत उतरतो, त्यात जनुकांचा वाटा आहे, आणि ज्यांच्या घरात ते दुःख आहे त्यांनी सावध असावे हे शहाणपणाचेच. पण कल म्हणजे निकाल नव्हे. ज्या उंदरांत एकच जनुक शोधता आले ते वीस पिढ्या भावाबहिणींच्या संकरातून एकसारखे केलेले उंदीर होते. त्यांच्यातही चव, दूध, पिंजरा, आईचा विरह, गाव आणि हाताळणारा हात यांनी निकाल बदलला. आपल्यात कोणीही असा एकसारखा केलेला नाही. मोऱ्याची मुलगी म्हणजे तिच्या बापाची नक्कल नव्हे.

मूषककन्येची कथा आम्ही आता वेगळी शिकवतो. रचना तीच. तात्पर्यापाशी मात्र थांबून एक प्रश्न विचारतो. सूर्य, मेघ, वारा, पर्वत यांना बोलावताना ऋषीने त्यांचे सामर्थ्य पाहिले. मुलीला उंदराच्या बिळाशिवाय दुसरे कोणते घर आपले वाटेल, अशी ऊब त्या आश्रमात होती का, हे कथा सांगत नाही. ती माहेरी परत गेली ते रक्ताच्या ओढीने, की दुसरे माहेर तिला कधी मिळालेच नव्हते म्हणून?

ती विद्यार्थिनी आता एका शाळेत मराठी शिकवते. मध्यंतरी ती भेटली तेव्हा आम्ही तिला हे सारे सांगितले, आयसीआरसी उंदरापासून बर्लिनच्या कवट्यांपर्यंत. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “मॅडम, हे तेव्हाच सांगायला हवं होतं.” तिचे म्हणणे खरे आहे. म्हणून हा लेख उशिरा का होईना, लिहिला.